सांगाव्याला कोणी हसत नाही

तुला हे सांगायला कोणाला धाडू ते कळेना, म्हणून लिहितो.

भजनी मंडळाचे मास्तर म्हणाले, पुस्तिका छापतोय, त्यात काकूंवर चार शब्द द्या. जन्म कुठला, माहेर कुठलं, मुलंबाळं किती, असं ओळीनं लिहा. मी म्हटलं, मास्तर, हे सगळं तिला ठाऊक आहे, तिला त्यात नवीन काय सांगायचं? ते म्हणाले, आबा, हे लोकांसाठी असतं. मी म्हटलं, लोकांशी माझं काही बोलणं नाही. तर हे असं आहे. चौथी शिकलेला माणूस सुचेल तसं लिहिणार. कंटाळलीस तर उठून जा. तू कधी उठून गेली नाहीस, नुसतं "पुरे आता" म्हणायचीस, आणि मी आणखी चढायचो.

आता पुरे म्हणणारं कोणी नाही म्हणून मी गप्पच असतो. घरात सगळेच गप्प असतात. मुलगा खोपोलीहून पाळी संपवून येतो, जेवतो, झोपतो. सूनबाई रिसॉर्टच्या भटारखान्यातून येते ती पाय दुखतात म्हणत येते. आणि नात, पूर्वा, आतल्या खोलीत. दार लोटलेलं. तुझी खाट सूनबाईनं धुऊन मागच्या भिंतीला उभी केली ती अजून तिथंच आहे, तिला आत आण असं मी म्हणत नाही आणि दुसरंही कोणी म्हणत नाही.

तुझ्या शेवटच्या गोष्टीवरच बोलतो. बाकी भांडणं राहू देत.

तुला आठवतं ना, आपली पहिली भेट तू प्रत्येक हळदीला बायकांना सांगायचीस. माझी अब्रू काढून सांगायचीस. तुझी आत्या आमच्या गावात दिलेली, ती गेली. तेव्हा मयताची खबर माणूस घेऊन जायचं. दोघं जायचे, एकट्यानं जायचं नाही. अंगणात उभं राहायचं, उंबरा ओलांडायचा नाही, पाणी घ्यायचं नाही, आधी सांगायचं. सांगितलं की पाठ फिरवायची, "येतो" म्हणायचं नाही. त्याला सांगावा म्हणायचे, आणि ते काम तरण्या पोरांचं. माझ्या ओठावर नीट मिशी नव्हती. मी आणि गणपत चालत खालापूरच्या बाजूला तुझ्या माहेरी आलो, आणि तू दारात सूप घेऊन उभी.

तू म्हणालीस, "पाणी आणू?"

मी मान हलवली.

"का? आमी परके हाव काय? का आमच्या पाण्यात जंत हायत?"

गणपत खाली बघायला लागला. मग माझ्यावरच आलं. मी तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. आतून तुझा बाप आला, आई आली, चुलते आले, ओट्यावरची म्हातारी काठी टेकत उभी राहिली. सगळे एका शेंबड्या पोराकडे बघत थांबले. कोणी "बोल की रं" म्हणालं नाही. कोणी हसलं नाही. आवाज येईपर्यंत थांबले. मग मी सांगितलं, तुझ्या हातातलं सूप खाली पडलं आणि घर रडायला लागलं.

तू बायकांना सांगायचीस, "मेल्याची खबर घेऊन आला आन जित्या पोरीला घेऊन गेला." बायका लोळायच्या हसून. पण एक गोष्ट तू कोणाला सांगितली नाहीस, कारण ती मी तुला एकटीलाच सांगितली होती. परत येताना त्या वाटेवर मला पहिल्यांदा वाटलं की मी माणसांत आलो. त्याआधी मी नुसता कोणाचा तरी पोरगा होतो.

ती गोष्ट तू इतकी वर्षं जपून ठेवलीस आणि पूर्वासाठी बाहेर काढलीस. मला कळलंसुद्धा नाही तू काय करतेस ते. मला नेहमी उशिराच कळायचं.

पूर्वाचं काय झालं ते मास्तरांच्या पुस्तिकेतल्या लोकांना ठाऊकच आहे. त्यांतल्या निम्म्यांनी ते पुढे पाठवलंय. तरी सांगतो.

पोरगी पोलीस भरतीसाठी धावायची. शाळेमागच्या मैदानात, उजाडताना, आणखी पोरंपोरी घेऊन. तू दूध तापवायच्या आधी ती उठायची. तिच्या बुटांना तू नावं ठेवायचीस, "ह्ये बूट हायत का होड्या?" आणि रोज फडक्यानं पुसून ठेवायचीस. मग गावानं ठरवलं की पावसाळ्यात धबधब्यावर मुंबईची माणसं येतात, त्यांच्या गाड्या लावायला जागा नाही, तर मैदान पार्किंगला द्यायचं. ग्रामसभा लावली. पूर्वा म्हणाली, मी बोलणार. मी म्हटलं, "गप बस, सभेत पोरींचं काय काम?" तू तिची वेणी घालता घालता म्हणालीस, "आबांचं ऐकू नको. त्यांनी जलमात एकदाच तोंड उघडलं आन बायको पदरात पडली. तू जा. बोल."

समाजमंदिरात तू बायकांत मागे बसलीस. मी खांबाला टेकून. पूर्वा उठली. चांगलं बोलत होती गं. म्हणाली, "आम्ही रोज इथे धावतो. मैदान गेलं तर आम्ही रस्त्यावर धावायचं का? रस्त्यावर डंपर असतात." तेवढ्यात पुढून कोणीतरी म्हणालं, "पोरी, बस खाली, मोठी माणसं बोलतायत." आणि तू मागून ओरडलीस, "बोलू दे तिला! ती काय तुमच्या घरात जेवायला आलीय?"

सगळी माणसं मागं वळली, मग परत तिच्याकडे. तिथं तिचा आवाज अडकला. तोंड उघडं, शब्द नाही. अंगणात माझं झालं होतं तसंच. तसंच गं. फक्त इथं कोणी थांबलं नाही.

रोशनच्या हातात फोन होता. आपल्या शेजारचा रोशन, ज्याला तू भाकरीवर साय घालून दिलीस, ज्याची आई बाळंतपणात अडली तेव्हा तू रात्रभर बसलीस, तो रोशन. त्यानं ते व्हिडिओत काढलं. पूर्वाचं तोंड उघडं राहिलं तिथं रेडकाचा आवाज लावला. रेडकू आईपासून सुटलं की ओरडतं तसा. गावाच्या ग्रुपवर टाकलं. जेवणं व्हायच्या आत गाव हसत होतं. दोन दिवसांत नेरळच्या बाजारात हसत होते. कर्जतला कॉलेजात ती वर्गात शिरली की मागच्या बाकावरून रेडकू ओरडायचं. टेंपोत बसली तरी ओरडायचं, ज्यांना तिचं नाव ठाऊक नाही तेही ओरडायचे.

माणसं ते परत परत लावून बघायची. तेवढंच. आधी ती काय बोलली ते कोणी ऐकलंच नाही.

मी काठी घेऊन रोशनच्या दारात गेलो होतो ते तुला आवडलं नाही. तू हाताला धरून आणलंस. मग आपलं भांडण सुरू झालं आणि ते तू जाईपर्यंत संपलं नाही. मी म्हणायचो, "तो फोन चुलीत घाल तिचा." तू म्हणायचीस, "फोन हसला का तिला? हसली ती माणसं. ती आपलीच हायत. त्यांना कुठल्या चुलीत घालशाल?"

"फोन नसता तर हसली नसती."

"तुमी रस्त्याच्या मोरीवर बसून काय करत होता? येणाऱ्याजाणाऱ्याला नावंच ठेवत होता ना?"

ठेवत होतो. नाही कशाला म्हणू? गावातल्या लंगड्याला आम्ही लंगड्याच म्हणायचो. पण आमची टवाळी मोरीवरच राहायची. दिवस मावळला की आम्ही घरी जायचो आणि ती तिथंच मरायची. सकाळी तोच लंगडा विडी मागायला यायचा आणि आम्ही द्यायचो. ह्यांची टवाळी मरत नाही. ती पोरगी खोलीत बसलीय आणि कुठल्या गावात कोण आत्ता तिला हसतंय हे तिला बसल्या जागी दिसतं. मी म्हणायचो म्हणूनच फोन काढून घे. तू म्हणायचीस, "काढला तर तिला वाटंल सगळीच हसतायत. निदान आता मोजता तरी येतायत." 

धावणं गेलं. कॉलेज गेलं. मुलानं एकदा कर्जतला डॉक्टरकडे नेलं, त्यांनी गोळ्या दिल्या, परत या म्हणाले, बोलत राहायला पाहिजे म्हणाले. दुसऱ्या खेपेला टेंपोच्या टपावरून कोणी रेडकू केलं आणि ती अर्ध्या वाटेवरून माघारी आली. मैदानात आता चुन्याच्या रेघा मारल्यात. रविवारी रोशन शिट्टी वाजवत तिथं गाड्या लावतो, पाऊस नसला तर रिसॉर्टवाल्यांच्या.

आणि मग तू आजारी पडलीस.

त्या दुपारी पूर्वा तुझ्या पायाला तेल लावत होती. तुझ्यापुरती ती खोलीतून बाहेर यायची. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "मी गेले की दामूला फोन करायचा नाय."

दामू, तुझा धाकटा भाऊ. मी म्हटलं, "मग काय कबूतर धाडू?"

"माणूस धाडायचं. पयल्यासारखं. पूर्वा जाईल सांगावा घेऊन."

पूर्वा म्हणाली, "आजी, काहीतरी बोलू नको गं."

"जाशील का नाय तेवढं सांग."

"घरचं माणूस सांगावा नेत नाही, हे तुला ठाऊक आहे," मी म्हटलं.

"नेत नाय, ठाव हाय. ती नेईल. बरोबर तिची आई जाईल. दोगी झाल्या." मग डोळे उघडून पूर्वाकडे बघितलंस. "अंगणात उभं राह्यचं. पाणी घ्यायचं नाय. आवाज अडकला तर अडकू द्यायचा. थांबतील ते."

पोरीनं मान हलवली. ती आत गेल्यावर मी तुला म्हटलं, "हे काय नवीन खूळ? सतरा दारं हिंडणारी पोरगी असती तर गोष्ट वेगळी. ती न्हाणीघरात जायला घाबरते." तू माझ्याकडे असं बघितलंस जसं बैल चुकीच्या वावरात शिरला की बघायचीस.

"सांगाव्याला कोण हसत नाय," तू म्हणालीस.

एवढंच. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात शिरलं. जगात सांगावा नेणारा एकच माणूस असा की त्यानं तोंड उघडलं की सगळे उभे राहून ऐकतात आणि तो अडखळला तरी थांबतात. तू स्वतःचं मरण त्या पोरीच्या हातात देत होतीस, वाटखर्चीला द्यावं तसं. माझ्यासारख्या माणसाला हे सात जन्मांत सुचलं नसतं.

तू गेलीस त्या सकाळचं तुला ठाऊक नाही, ते सांगतो.

पूर्वा रडली नाही. ती आपल्या खाटेखाली वाकली, बूट बाहेर काढले. धूळ बसली होती, तू आजारी पडल्यापासून कोणी पुसले नव्हते. तिनं ओढणीनं पुसले. नाड्या बांधल्या. केस बांधले. सूनबाईनं डोळे पुसून चपला घातल्या. मी ओट्यावर बसून बघत होतो. किती महिन्यांनी ती पोरगी ताठ उभी होती. मला तुझं मरण दिसेना त्या घटकेला, खरं सांगतो, मला नुसती तीच दिसत होती. मी म्हटलं, "दामूला काय सांगशील?" ती ओठातल्या ओठात पुटपुटून बघत होती, परीक्षेला जाताना बघायची तशी.

अंगणात रोशन बांबू तोडत होता. हो, तोच. सगळ्यांत आधी तोच आला. शेजारच्या गावातून सुकी लाकडं त्यानं आणली, सुतळ त्यानं आणली, तिरडी बांधायला तोच वाकला. बांधताना हुंदके देत होता, नाक बाहीला पुसत होता. खोटं नव्हतं ते. त्याच्या हाताला मी काय म्हणणार होतो? त्याला हाकलून दिला असता तर तूच तिरडीवरून उठून मला शिव्या घातल्या असत्यास.

पूर्वा फाटकापाशी पोचली आणि सूनबाईच्या पिशवीतला फोन वाजला. दामूचा नातू. सूनबाईनं कानाला लावला, आणि तो इतक्या मोठ्यानं बोलत होता की मला ओट्यावर ऐकू आलं. "काकी, आत्याआजी गेली ना? रोशननं स्टेटस ठेवलाय, आत्ताच बघितला. आजोबांना दाखवला मी. आम्ही निघतोय."

पूर्वा तिथंच उभी राहिली. मग मागं वळली. रोशननं मान वर केली, तिला बघितलं, म्हणाला, "पूर्वा, आजी आपली..." आणि पुढं बोलता येईना त्याला. तिनं त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही. राग असता तर मला बरं वाटलं असतं. पायरीवर बसली, नाड्या सोडल्या, बूट हातात घेतले आणि आत गेली. तुला उचललं तेव्हाही ती दारापाशीच होती, आतल्या दारापाशी.

दामू आला तेव्हा अंगणात गुडघ्यांवर बसला. रोशननं तुझा जो फोटो ठेवला होता तो स्वतःच्या बहिणीच्या लग्नातला. त्यात तू हसतेयस, तोंडात विडा, दात लाल. खाली फुलं टाकलेली, दिवा टाकलेला, पण दामूला कुठं एवढं बारीक दिसतंय. नातवानं फोन पुढं धरला तर दामूला वाटलं कोणाच्या लग्नाचा फोटो आला. माझा हात धरून म्हणाला, "मी हसलो रं भाऊ. मी म्हटलं, बघ ताई कशी हसतेय, आन मीबी हसलो. मंग पोरगं म्हणालं, आजोबा, ती गेली."

कळलं का तुला? तुझ्या सांगाव्याला पहिलं हसूच आलं.

तो सारखा तेच सांगत होता. "हसलो रं मी." जो येईल त्याला सांगत होता. मी त्याला पाणी दिलं तर म्हणाला, नको.

दहाव्यानंतर रोशन येऊन ओट्यावर बसला.  डोळे लाल, दुपारपर्यंत झोपतो आणि पहाटेपर्यंत जागतो, त्याची आई सांगते. तो म्हणाला, "आबा, पूर्वा माझ्याशी बोलत नाय. मी काय वाईट केलं? सगळ्यांना कळावं म्हणून टाकलं मी."

मी म्हटलं, "तू वाईट केलं नायस. तीच तर पंचाईत हाय."

"आन ते आधीचं म्हणशाल तर ती गंमत होती. मी ते कवाच काढून टाकलं."

"तू काढलंस. बाकीच्यांकडचं कोण काढणार?"

"त्याला मी काय करू, आबा?"

 मग तो खिशातून फोन काढून म्हणाला, "आजीचा स्टेटस सगळ्यांत जास्त लोकांनी बघितला. माझ्या आत्तापर्यंतच्या सगळ्यांत." मला बरं वाटावं म्हणून सांगत होता तो. अगदी मनापासून सांगत होता. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. वीस-बावीसचं पोर गं. शिट्टी गळ्यात. त्याला कोणी कधी कुठं सांगावा घेऊन धाडलं नाही, त्याच्यासाठी कोणी अंगणात उभं राहून थांबलं नाही. रविवारी गाडीवाले त्याला "ए" म्हणतात. त्याला बघणारी जी काही माणसं आहेत ती त्या फोनच्या आत. मला त्याचाही राग धरता येईना. राग धरायला जागाच ठेवली नाही ह्या पोरांनी. तू असतीस तर त्याला आत बोलावून जेवायला घातलं असतंस. मी नाही घातलं. मी म्हटलं, घरी जा आता.

मला वाटलं विषय संपला. सांगायचं कोणी उरलंच नव्हतं. पण एक राहिली होती आणि ती माझ्या डोक्यातच नव्हती.

बुधी. वरच्या ठाकरवाडीतली तुझी बुधी. दर वैशाखात टोपलीभर करवंदं घेऊन उतरायची आणि तू तिला तांदूळ आणि सुकट द्यायचीस, आणि दोघी ओट्यावर बसून अर्धा दिवस कुजबुजायच्या. काय बोलायच्या कोण जाणे, मी जवळ आलो की गप्प. वर तिच्या वाडीत फोनला रेंज येत नाही आणि तिच्याकडे फोनही नाही. तेराव्यानंतर ती आली. डोक्यावर टोपली, फाटकातूनच हाक, "अनसूबाय! ए अनसूबाय! जेवलीस का गं?"

मी ओट्यावर होतो. ती वर चढली, टोपली उतरवली, पानं बाजूला केली. "दादा, बाय कुठं हाय?"

माझ्या जिभेवर आलं होतं. तुला ठाऊक आहे, माझ्या जिभेवर काही थांबत नाही. पण मागून आतल्या दाराची कडी वाजली. पूर्वा बाहेर आली होती. हाक ऐकून आली असेल. चौकट धरून उभी राहिली. आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, तोंड मिटून घेतलं. जमिनीकडे बघत राहिलो, तुझ्या अंगणात गणपत बघत होता तसा.

बुधी एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे. "काय गं पोरी? आजी कुठं हाय?"

पूर्वानं तोंड उघडलं. आवाज नाही. तसंच उघडं राहिलं तोंड.  रस्त्यानं दोन पोरं चालली होती, मला वाटलं आता कुठूनतरी रेडकू ओरडणार. बुधी हलली नाही. टोपलीवर हात तसाच ठेवून उभी राहिली.

"आजी गेली," पूर्वा म्हणाली. मलासुद्धा जेमतेम ऐकू आलं.

बुधी म्हणाली, "परत सांग माय. माझे कान गेलेत."

परत सांग. इतक्या महिन्यांत त्या पोरीला असं कोणी म्हणालं नव्हतं.

"माझी आजी गेली," पूर्वा म्हणाली. आता रस्त्यावरच्या पोरांनी मान वळवली. "तुला सांगायचं राहिलं होतं."

बुधी ओट्यावर बसली. रडली नाही लगेच. पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "बरं केलंस सांगितलंस ते." मी तांदूळ आणायला उठलो तर हातानं नको म्हणाली. पाणी घेतलं नाही. सगळी करवंदं पानांवर ओतून उंबऱ्याशी ठेवली, रिकामी टोपली काखेत मारली आणि "येते" न म्हणता निघाली. तिला कोणी शिकवलं नव्हतं गं हे. ती फाटकापाशी गेल्यावर तिचा आवाज फुटला, तो वळणापर्यंत ऐकू येत होता.

पूर्वा तिला जाताना बघत राहिली. मग खाली बसून पाच-सहा करवंदं उचलली, आत गेली आणि दार लोटलं.

तुला वाटत असेल आता मी पुढचं चांगलं सांगीन. तुला बरं वाटावं म्हणून खोटं मी तुझ्या आजारपणातही बोललो नाही, आता काय बोलू? मी दुसऱ्या सकाळी उजाडायच्या आधी उठून ओट्यावर बसलो. बूट वाजतील म्हणून. नाही वाजले. तिसऱ्या सकाळीही बसलो. बूट तिच्या खाटेखाली आहेत, त्यांच्यावर पुन्हा धूळ बसलीय. करवंदं कोणी खाल्ली नाहीत, आंबून गेली, सूनबाईनं टाकून दिली. रस्त्यावरच्या त्या दोन पोरांनी रेडकू केलं नाही, हे खरं. पण ते गुपचूप फोन काढत होते की काय हे मला दिसलं नाही, आणि पूर्वालाही दिसलं नसेल, आणि ती आत बसून तेच शोधत असेल. तू एवढं मोठं मरण खर्ची घातलंस आणि त्यातून निघाली दोन वाक्यं. मी कंजूस माणूस. मला हा सौदा परवडत नाही.

तरी एक कबूल करतो, आपल्या भांडणात तुझ्या बाजूचं. फोन हसला नव्हता. माणसंच हसली होती, आणि थांबलं तेही माणूसच. पण थांबणारी माणसं आता वर वाडीत राहतात, जिथं रेंज नाही, आणि वर्षातून एकदा खाली येतात. त्यांच्या जिवावर किती पोरं सावरायची?

परवा मी लोटलेल्या दाराशी जाऊन म्हटलं, "पूर्वा, माझ्या वेळी तू जा सांगायला. बूट घालून जा. स्टेटसबिटस काही नाही."

 ती आतून म्हणाली, "कोणाला सांगायचं, आबा?"

टोमणा नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. मी उंबऱ्यावर बसलो आणि आठवायला लागलो. गणपत केव्हाच गेला. माझी बहीण गेली. दामू यायचा तो तुझ्यासाठी. बुधी तुझी. मास्तर पुस्तिका छापतील. एकेक बोट उघडायला गेलो आणि मूठ मिटलेलीच राहिली. माझा सांगावा न्यावा असं एकच दार होतं, त्या दारात तू सूप घेऊन उभी होतीस, आणि पाणी आणू का विचारत होतीस.

"आठवलं कोणी तर सांगा," पूर्वा आतून म्हणाली.

मी अजून तिथंच बसलोय गं. आठवतोय.